सॉल्व्हरचं उत्तर कागदावरच्या समीकरणात परत घालून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना न्यूमरिकल मेथड्स, म्हणजे आकडेमोड करत समीकरणं सोडवायच्या पद्धती, शिकवते. पत्र लिहायचं कारण असं की हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, आता सॉफ्टवेअर आहे ना, मग समीकरणं सोडवायला शिकवायचीच कशाला, एक कमांड दिली की उत्तर हजर. मुलं म्हणतात, पालक म्हणतात, काही शिक्षकसुद्धा म्हणायला लागलेत. सॉफ्टवेअर वापरायला माझा अजिबात विरोध नाहीये, मी स्वतः रोज वापरते. पण कमांड दिल्यावर जो आकडा येतो तो आपल्या समीकरणाचं उत्तर आहे की नाही हे बघायचं काम अजूनही माणसालाच करावं लागतं, आणि तेवढंच नेमकं आपण कुठे शिकवत नाही. पेपरात त्याला मार्क नाहीत, प्रॅक्टिकलला कोणी विचारत नाही, जर्नलमध्ये आउटपुटचा प्रिंट चिकटवला की सही मिळते.

एक उदाहरण जरा नीट सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. पाइपमधून पाणी वाहताना घर्षणानं प्रेशर किती पडतं हे काढायला फ्रिक्शन फॅक्टर लागतो, आणि तो कोलब्रुकच्या समीकरणातून काढतात. १९३९ सालचं समीकरण आहे, आजही वापरात आहे. त्यात फ्रिक्शन फॅक्टर डावीकडे वर्गमूळाखाली आहे आणि उजवीकडे लॉगच्या आतसुद्धा आहे, त्यामुळे साध्या बीजगणितानं तो एका बाजूला काढता येत नाही, सॉल्व्हरकडेच, म्हणजे समीकरण सोडवणाऱ्या प्रोग्रामकडेच, जावं लागतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह कसा आहे ते सांगणारा आकडा) १,००,००० आणि रिलेटिव्ह रफनेस (पाइपच्या व्यासाच्या मानानं आतला खडबडीतपणा) ०.००१ घेऊन ते सोडवलं आणि उत्तर आलं ०.००४६. एरर नाही, वॉर्निंग नाही, सॉल्व्हर छान कन्व्हर्ज झालेला, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावलेला. तिनं तो आकडा प्रोग्राममधल्या फंक्शनमध्ये परत घालूनही बघितला, शून्य आलं. पण मुलगी हुशार, तिनं मूडी चार्ट, म्हणजे फ्रिक्शन फॅक्टरचा छापील आलेख, उघडून बघितला आणि तिथे त्याच ठिकाणी ०.०२२ दिसत होतं, म्हणून ती माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी कागद घेतला, कॅल्क्युलेटर घेतला आणि पुस्तकातल्या समीकरणात ०.००४६ घातलं, तर डावी बाजू १४.७ आणि उजवी बाजू साडेसहाच्या आतच. मग एका मिनिटात चूक सापडली. समीकरणात लॉग १० च्या पायाचा आहे आणि प्रोग्राममध्ये नुसतं लॉग लिहिलेलं, जे नॅचरल लॉग असतं. पायथनमध्ये आणि मॅटलॅबमध्ये नुसतं लॉग लिहिलं की नॅचरल, १० चा हवा तर लॉग१० लिहायचं, आणि एक्सेलमध्ये बरोबर उलटं, तिथे लॉग म्हणजे १० चा आणि नॅचरलसाठी एलएन. लॉग बदलल्यावर उत्तर आलं ०.०२२२. म्हणजे आधीचा आकडा खऱ्याच्या जवळपास पाचवा हिस्सा होता, प्रेशर ड्रॉपही तेवढाच कमी दिसला असता, आणि त्यावर कोणी पंप निवडला असता तर पाणी वर चढलंच नसतं.

यात सॉल्व्हरचं काहीच चुकलं नव्हतं बघा. त्याला जे समीकरण दिलं ते त्यानं बरोबर सोडवलं, फक्त ते आपलं समीकरण नव्हतं. म्हणून मी मुलांना सारखं सांगते की उत्तर तपासायचं तर कागदावरच्या मूळ समीकरणात घालून, कॅल्क्युलेटरवर, एकदा तरी. प्रोग्राममधल्याच फंक्शनमध्ये घातलं तर जी चूक प्रोग्राममध्ये आहे तीच तपासणीतही असते आणि सगळं जुळतं. डिग्री आणि रेडियनचंही असंच. कोसाइन एक्स बरोबर एक्स हे समीकरण रेडियनमध्ये सोडवलं तर ०.७३९१ येतं, डिग्रीमध्ये सोडवलं तर ०.९९९८, आणि दोन्ही वेळा सॉल्व्हर सांगतो काम झालं.

आता आतमध्ये काय चालतं ते थोडक्यात, कारण ते माहीत नसेल तर बिघडल्यावर कुठे हात घालायचा ते कळत नाही. बहुतेक सॉल्व्हरच्या पोटात न्यूटनची पद्धत किंवा तिचीच कुठलीतरी सुधारलेली आवृत्ती असते. न्यूटननं ती १६६९ मध्ये लिहिली, रॅफसननं १६९० मध्ये सोपी करून छापली, आणि डेरिव्हेटिव्ह वापरून आज आपण लिहितो त्या वळणावर ती १७४० मध्ये सिम्पसननं आणली. आपण एक अंदाज द्यायचा, तिथे ग्राफला स्पर्शिका काढायची, ती जिथे शून्याला छेदते तो पुढचा अंदाज. न्यूटननं स्वतः घेतलेलं समीकरण होतं एक्सचा घन वजा २ एक्स वजा ५ बरोबर ०. सुरुवात २ पासून करा, पुढची पायरी २.१, मग २.०९४५७ आणि त्याच्या पुढच्या पायरीला २.०९४५५१४८, आठही दशांश बरोबर. उत्तराच्या जवळ गेलं की दर पायरीला बरोबर आकडे साधारण दुप्पट होतात, इतकी सुंदर पद्धत आहे ही. पण "जवळ गेलं की" हे तीन शब्द फार महत्त्वाचे आहेत.

कारण त्याच समीकरणाचा भाऊ शोभेल असं दुसरं घ्या, एक्सचा घन वजा २ एक्स अधिक २. सुरुवात ० पासून केली की पुढची पायरी १, त्याच्या पुढची परत ०, मग १, मग ०, असं ते कायम चालू राहतं. ०.१ पासून सुरू केलं तरी काही पायऱ्यांत त्याच चक्रात जाऊन अडकतं. सॉफ्टवेअर १०० फेऱ्या करतं आणि सांगतं की कन्व्हर्ज झालं नाही. इथे मुलांचा पहिला उपाय ठरलेला, मॅक्सिमम इटरेशन १०० चे १०,००० करायचे. त्यानं काहीही होत नाही, ते ० आणि १ मध्येच १०,००० वेळा फिरतं. ग्राफ काढला असता तर एका नजरेत दिसलं असतं की खरं मूळ डाव्या बाजूला आहे, उणे १.७६९ ला, आणि उणे २ पासून सुरू केलं की चार-पाच पायऱ्यांत तिथे पोचतं. म्हणून मॅक्सिमम इटरेशनला हात लावायच्या आधी ग्राफ काढा, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

ग्राफचा दुसरा फायदा म्हणजे मुळं किती आहेत ते कळतं. ई चा एक्स वा घात बरोबर ३ एक्स वर्ग, साधं दिसणारं समीकरण आहे, पण त्याला तीन मुळं आहेत, उणे ०.४५९, ०.९१० आणि ३.७३३. सॉल्व्हरला एक अंदाज दिला की तो एकच मूळ देतो आणि कुठलं देईल ते तुम्ही कुठून सुरू केलं त्यावर. वर्गात तीन मुलांची तीन वेगळी उत्तरं आली की भांडण सुरू होतं कोणाचं बरोबर, आणि तिघांचंही बरोबर असतं. पण प्रश्नात एक्स म्हणजे एखादी लांबी असेल तर उणे मूळ बाद करायचं, आणि तिला मर्यादा असेल तर तिसरंही बाद, हे ठरवायला प्रश्न समजलेला माणूस लागतो.

आणि काही वेळा तर सॉल्व्हर चुकीच्या दिशेनं पळत सुटतो आणि तरी वर सांगतो की सापडलं. एक्स गुणिले ई चा उणे एक्स वा घात, याचं मूळ एकच, शून्य. सुरुवात २ पासून केली तर पुढची पायरी ४, मग ५.३३, मग ६.५६, असं पुढे पुढेच. पण पुढे जाताना फंक्शनची किंमत लहान लहान होत जाते, एक्स २० ला पोचेपर्यंत ती ०.०००००००४ झालेली असते, आणि टॉलरन्स, म्हणजे किती लहान किंमत शून्य धरायची ती मर्यादा, त्याहून ढिला असेल तर सॉल्व्हर म्हणतो शून्य झालं, घ्या उत्तर २०. म्हणून फंक्शनची किंमत लहान आली एवढ्यावर समाधान मानू नका, शेवटच्या दोन पायऱ्यांत एक्स किती हललं तेही बघा.

केप्लरचं समीकरण माझं आवडतं उदाहरण आहे, ग्रह किंवा धूमकेतू कक्षेत कुठे आहे ते त्यातून काढतात. कक्षा फार लांबट असेल, समजा एक्सेंट्रिसिटी (लांबटपणाचं माप) ०.९९ आणि मीन अ‍ॅनॉमली (गेलेल्या वेळेवरून काढलेला कोन) ०.१ रेडियन, तर पुस्तकातला नेहमीचा सल्ला पाळून ०.१ लाच पहिला अंदाज धरला की न्यूटन एका उडीत ६.७१ वर जातो, म्हणजे अख्खं वर्तुळ ओलांडून पुढे. ०.१ च्या जागी स्पर्शिका जवळजवळ आडवी आहे म्हणून. तेच पाय पासून, म्हणजे ३.१४१६ पासून सुरू केलं तर एकेक पायरी उतरत बरोबर मुळावर येतं, कारण तिथून मुळापर्यंत ग्राफची वक्रता एकाच बाजूला आहे. समीकरण तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त सुरुवात बदलली.

अंदाजच करता येत नसेल तर दोन टोकं द्या, एका टोकाला फंक्शन धन आणि दुसऱ्याला ऋण. मग मध्ये काप, चिन्ह बघ, परत काप. हळू आहे पण खात्रीचं, २० पायऱ्यांत अंतर १० लाखाव्या हिश्श्यावर येतं. रिचर्ड ब्रेंटनं १९७३ मध्ये याच कल्पनेला वेगाची जोड दिली आणि आज बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका चलाच्या समीकरणासाठी तीच पद्धत असते, एकच अज्ञात असेल तर मी तरी आधी तिच्याकडेच जाते. यातही एक खड्डा आहे. टॅन एक्स ला १ आणि २ ही टोकं दिली तर चिन्हं वेगळी असतात, आणि पद्धत मोठ्या विश्वासानं १.५७०८ आणून देते. तिथे टॅन शून्य नाहीये, तिथे ते अनंताकडे जातं! उत्तर परत घातलं की किंमत प्रचंड मोठी येते आणि लगेच कळतं, पण घालून बघितलं तर.

आता एरर मेसेजबद्दल, कारण मुलं ते वाचतच नाहीत. लाल अक्षरं दिसली की स्क्रीनशॉट काढतात आणि "मॅम चालत नाहीये" म्हणून पाठवतात. त्या लाल अक्षरांत निम्मं निदान असतं. "आकडा मिळाला नाही" अशा अर्थाचा मेसेज असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा कुठल्यातरी अक्षराला किंमतच दिलेली नसते, किंवा स्पेलिंग वेगळं पडलेलं असतं, किंवा मॅथेमॅटिकामध्ये छोटा ई लिहिलेला असतो, तिथे छोटा ई म्हणजे नुसतं एक अक्षर, २.७१८ हवं तर मोठा ई लागतो. याला उपाय साधा आहे, सॉल्व्हर चालवायच्या आधी आपला पहिला अंदाज आपणच फंक्शनमध्ये घालायचा आणि एक सरळ आकडा बाहेर येतो का ते बघायचं. "सिंग्युलर जेकोबियन" आलं (जेकोबियन म्हणजे सगळ्या डेरिव्हेटिव्हचा तक्ता) तर एकतर सुरुवातीच्या जागी स्पर्शिका आडवी आहे, किंवा तुम्ही दोन समीकरणं म्हणून दिलेली प्रत्यक्षात एकच आहेत. आणि "नॅन", म्हणजे "हा आकडाच नाही", असं आलं तर सॉल्व्हर मधल्या एखाद्या पायरीला ऋण संख्येत शिरला आणि तिथे वर्गमूळ किंवा लॉग अडलं. कोलब्रुकमध्ये हे हमखास होतं, आणि तिथे अज्ञात बदलणं हा उत्तम उपाय आहे, फ्रिक्शन फॅक्टरऐवजी एक भागिले त्याचं वर्गमूळ हेच अज्ञात धरायचं, समीकरण जवळजवळ सरळ रेषेसारखं वागायला लागतं आणि मुकाट सुटतं.

याहून वाईट म्हणजे मेसेज येतो पण आकडाही येतो. पायथनच्या सायपाय या गणिताच्या लायब्ररीमध्ये एफसॉल्व्ह नावाचं फंक्शन आहे, त्याच्या आत १९८० च्या सुमारास आरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत लिहिलेलं मिनपॅक हे सॉफ्टवेअर आहे, चांगलं भक्कम काम. पण ते अडकलं तरी जिथे अडकलं तो आकडा परत देतं, सोबत एक वॉर्निंग देतं आणि मागितलं तर एक कोड देतं, कोड १ असेल तरच सापडलं समजायचं. मॅटलॅबमध्ये त्याला एक्झिट फ्लॅग म्हणतात, धन असेल तर ठीक, शून्य किंवा ऋण असेल तर थांबा. मुलं कोड मागतच नाहीत, आकडा उचलतात आणि पुढच्या गणितात घालतात. एक्सेलच्या गोल सीकमध्ये तर आणखी एक गोष्ट आहे, ते डीफॉल्टला ०.००१ इतकं जवळ आलं की थांबतं. तुमच्या फॉर्म्युल्याच्या किमतीच मुळात ०.०००५ सारख्या लहान असतील आणि टार्गेट शून्य असेल तर ते सुरुवातीलाच थांबतं, काहीही न सोडवता. ऑप्शनमध्ये जाऊन तो आकडा लहान करा, नाहीतर फॉर्म्युला १० लाखांनी गुणा.

अनेक समीकरणं एकत्र असतील तिथे हीच अडचण मोठी होते. एक समीकरण पास्कलमध्ये, किमती लाखात, दुसऱ्यात मोल फ्रॅक्शन, किमती हजाराव्या भागात. सॉल्व्हर सगळ्यांची मिळून चूक बघतो, त्यात दुसऱ्या समीकरणाचा आवाजच ऐकू येत नाही. प्रत्येक समीकरणाला त्याच्या स्वतःच्या ठरावीक आकारानं भागून घ्या, सगळं १ च्या आसपास आणा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आणि शेवटी कॉम्प्युटरच्या आकड्यांची मर्यादा. १९८५ च्या आयईईई ७५४ स्टँडर्डप्रमाणे नेहमीच्या डबल प्रिसिजनमध्ये साधारण १६ आकडे मावतात, त्यापुढचं गळतं. एक्स वर्ग वजा १० कोटी एक्स अधिक १ बरोबर ०, शाळेतलं वर्गसमीकरण, शाळेतलंच सूत्र, कॉम्प्युटरवर लहान मूळ काढलं तर ०.०००००००१ ऐवजी ०.००००००००७४५ येतं, पाव हिस्सा चूक! कारण दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी झाली आणि महत्त्वाचे आकडे गेले. मोठं मूळ आधी काढा आणि मुळांचा गुणाकार १ आहे म्हणून १ ला त्यानं भागा, लहान मूळ अचूक येतं. जेम्स विल्किन्सननं दाखवलेलं उदाहरण तर प्रत्येकानं एकदा स्वतः करून बघावं. १ ते २० ही मुळं असलेली बहुपदी घ्या, तिच्यात एक्सच्या १९ व्या घाताचा सहगुणक उणे २१० आहे, तो उणे २१०.००००००११९ करा, एवढासाच फरक, आणि २० पैकी १० मुळं वास्तव राहतच नाहीत, संमिश्र होतात. इथे कुठलाही सॉल्व्हर बदलून उपयोग नाही, प्रश्नच नाजूक आहे, प्रिसिजन वाढवा किंवा बहुपदी उलगडून लिहूच नका. आणि एकच मूळ दोनदा येत असेल तिथे १६ पैकी साधारण ८ आकड्यांवर भरवसा ठेवा, टॉलरन्स कितीही घट्ट केला तरी त्यापुढे जात नाही.

म्हणून माझी पेपर काढणाऱ्यांना आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्यांना विनंती आहे. हातानं न्यूटन-रॅफसनच्या चार पायऱ्या चार दशांशापर्यंत करा हा प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे, तो ठेवा हवं तर, पण दोन पायऱ्यांवर आणा. उरलेल्या वेळात मुलांना एक न सुटलेलं आउटपुट द्या, वॉर्निंगसकट, आणि विचारा की हे का अडलं असेल आणि तू आता काय करशील. जर्नलमध्ये प्रत्येक सोडवलेल्या समीकरणाबरोबर ग्राफ, सुरुवातीचा अंदाज, सॉल्व्हरनं दिलेला कोड आणि मूळ समीकरणात उत्तर घातल्यावर आलेला फरक, एवढं लिहिलं नसेल तर सही करू नका. मार्कांत निम्मे उत्तराला आणि निम्मे तपासणीला ठेवले तर मुलं आपोआप तपासायला लागतील, माझ्या वर्गात इंटर्नल मार्कांपुरतं मी हे सुरू केलंय आणि आता मुलं माझ्याकडे यायच्या आधी ग्राफ काढून आणतात. यात वेळ जातो अशी तक्रार काही सहकारी करतात, पण ग्राफ काढायला एक मिनिट लागतं आणि कॅल्क्युलेटरवर उत्तर परत घालायला दोन, आणि सिलॅबस न बदलता पुढच्या सेमिस्टरपासून हे सहज करता येईल.

आपली नम्र,
न्यूमरिकल मेथड्सची एक शिक्षिका